अम्मी, अल्लाह मला आगीत टाकेल का?

पत्र, थोडक्यात

एका आईनं लिहिलं आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा तीनचा. मुलगी कुरआनच्या वर्गाला जाऊ लागली. तिथं, बहुधा मोठ्या मुलींकडून, तिनं जहन्नमचं, म्हणजे नरकाचं, वर्णन ऐकलं आणि तेव्हापासून ती रात्री दचकून उठते. तिनं एकदा भावाचं खेळणं लपवून "मी नाही घेतलं" असं सांगितलं होतं, ते तिच्या मनातून जात नाही. आईचा हात घट्ट धरून विचारते, "अम्मी, अल्लाह मला आगीत टाकेल का? तू मला बाहेर काढशील ना?" घरात हा विषय निघाला तेव्हा पती म्हणाले, "भीती बसल्याशिवाय दीन (धर्म) टिकत नाही. झालं ते बरंच झालं." सासूबाईंचं म्हणणं, आत्ता वळण लावलं नाही तर पोरं हातची जातील. जाऊबाईंच्या याच वयाच्या मुलीला कुरआनातल्या कितीतरी सूरह (अध्याय) पाठ आहेत आणि आपल्या मुलीला मोजून चार, हेही उठताबसता ऐकावं लागतं. आई स्वतः धाकात वाढली. मार खाऊन नमाज शिकली आणि घराबाहेर पडल्यावर कित्येक वर्षं जायनमाजला (नमाज पढायच्या आसनाला) शिवली नाही. पुढे आपणहून परतली. लेकीचं तसं होऊ नये असं तिला वाटतं, पण नुसतं प्रेम केलं तर ईमान (श्रद्धा) कच्चं राहील ही धास्तीही आहे. त्यात तीन वर्षांचा मुलगा नमाजमध्ये पाठीवर चढतो, ओढणी खेचतो. सलाम फेरताच, म्हणजे नमाज संपताच, ती त्याच्यावर ओरडते आणि मग बाजूला जाऊन रडते. पत्राचा शेवट असा: "प्रेम करू की दीन शिकवू? आई म्हणून कमी पडतेय आणि मुसलमान म्हणूनही."

उत्तर

अस्सलामु अलैकुम, ताई.

तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण आधी लेकीचा घेऊ. ती आज रात्री पुन्हा विचारेल आणि तिला उत्तर हवं आहे.

उत्तर आहे, "नाही." ते लगेच आणि ठामपणे द्यायचं. "चांगली वागलीस तर नाही", "यापुढे खोटं बोलली नाहीस तर नाही" अशी कुठलीही अट त्याला लावायची नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी हे सुचवत नाही. दीनच असं सांगतो. अबू दाऊद या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) प्रसिद्ध आहे: तिघांवरून लेखणी उचललेली आहे. झोपलेला माणूस जागा होईपर्यंत, मूल बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, आणि ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही तो शुद्धीवर येईपर्यंत. साडेपाच वर्षांच्या मुलीच्या नावावर खेळणं लपवल्याचा गुनाह लिहिलाच जात नाही. तेव्हा "खोटं बोललीस तर जहन्नममध्ये जाशील" हे या वयाच्या मुलाला सांगणं कठोर तर आहेच, पण चुकीचंही आहे. हे तुमच्या पतींनाही सांगा. भीती योग्य की अयोग्य या वादात न शिरता एवढंच सांगा की तिला जे सांगितलं गेलंय ते दुरुस्त करायला हवं.

रात्री अंथरुणात तिला लांबलचक समजावू नका. या वयाची मुलं ऐकलेलं जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं करतात. 'आग' म्हटलं की त्यांना खरी आग दिसते, आणि ती आज रात्री येणार की शंभर वर्षांनी हेही त्यांना कळत नाही. एवढंच म्हणा: "नाही बेटा. अल्लाह लहान मुलांना शिक्षा करत नाही. खेळणं लपवल्याचं तुला वाईट वाटलं ना? उद्या भावाला सांग, त्याचं त्याला देऊन टाक, आपण दोघी मिळून देऊ. झालं." ती उद्या पुन्हा विचारेल, परवाही विचारेल. दर वेळी याच शब्दांत, याच आवाजात सांगा. "किती वेळा सांगायचं?" हे मात्र येऊ देऊ नका. घाबरलेलं मूल तेच तेच विचारतं ते उत्तर विसरल्यामुळे नाही. ते उत्तर अजून तसंच आहे ना, एवढं त्याला पाहायचं असतं.

आता तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे या. "तू मला बाहेर काढशील ना?" पत्र वाचताना मी इथं थांबले. तिच्या मनातल्या चित्रात आई वाचवणारी आहे आणि अल्लाह टाकणारा. दोघं समोरासमोर उभे आहेत, आणि तिनं आईचा हात धरला आहे. खरी दुरुस्ती इथं करायची आहे. ही भीती काही आठवड्यांत ओसरेल, पण हे चित्र मनात राहिलं तर ती मोठी होऊनही अल्लाहपासून लपत राहील. तुम्ही स्वतः घराबाहेर पडल्यावर इतकी वर्षं लपलात, तशीच.

या प्रश्नाला जवळजवळ तिच्याच शब्दांत उत्तर देणारी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कैद्यांमध्ये एक बाई कासावीस होऊन मूल शोधत फिरत होती. मूल सापडताच तिनं त्याला छातीशी धरलं आणि दूध पाजलं. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना विचारलं, "ही बाई आपलं मूल आगीत टाकेल असं तुम्हाला वाटतं का?" ते म्हणाले, तिच्या हातात असेल तर कधीच नाही. तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, या बाईची आपल्या मुलावर जितकी माया आहे त्याहून अल्लाहची आपल्या बंद्यांवर जास्त आहे.

ही गोष्ट तिला दिवसाउजेडी सांगा, खेळता खेळता, मांडीवर घेऊन. मग विचारा, "मी तुला आगीत जाऊ देईन का?" ती हसून नाही म्हणेल. "मग अल्लाहची माया तर अम्मीपेक्षाही जास्त आहे." आई आणि अल्लाह यांना तिच्या मनात एका बाजूला आणून बसवायचं, सध्या तुमचं काम एवढंच आहे.

आता तुमचा प्रश्न. 'प्रेम की दीन' असं तुम्ही लिहिलंत तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत हे तुम्ही धरूनच चालला होतात. एक वाढली की दुसरी घटणार. हे गृहीत तुमच्याकडे कुठून आलं? कुरआनातून आलेलं नाही. पैगंबरांच्या घरातूनही नाही. मला वाटतं, ते तुमच्या बालपणातून आलं, कारण तिथं दीन आणि मार एकत्रच भेटले होते. तुमच्या वडीलधाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. त्यांना तुमच्या आखिरतची (मृत्यूनंतरच्या जीवनाची) काळजी होती आणि त्यांनी स्वतःही असंच शिकलं असेल. पण या पद्धतीचं फळ तुम्ही स्वतः आहात, हे तर बघा. मारानं तुम्हाला नमाजच्या हालचाली आल्या. तुम्ही परतलात ते मात्र आपणहून, मारणारं कोणी समोर नसताना. भीतीशिवाय दीन टिकत नाही असं पती म्हणतात त्याला तुमचंच आयुष्य उत्तर देतं, आणि ते त्यांना सांगायला तुम्ही संकोचू नये. कदाचित ते त्यांना माहीतही नसेल.

तमीम कबिल्याचे सरदार अकरा बिन हाबिस एकदा पैगंबरांकडे बसले होते. पैगंबरांनी नातू हसन (रजि.) यांचा मुका घेतला. अकरा बिन हाबिस म्हणाले, "मला दहा मुलं आहेत, एकाचाही मी कधी मुका घेतला नाही." पैगंबर त्यांच्याकडे बघून म्हणाले, "जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही." बघा, अकरांच्या बोलण्यात थोडा अभिमान होता: मी मुलांना डोक्यावर बसवत नाही. आपल्याकडेही हा अभिमान पुष्कळ घरांत दिसतो, बापांमध्ये जरा जास्तच. मुलाला जवळ घेतलं की ते बिघडतं, हा समज तेव्हाही होता, आणि पैगंबरांनी त्याला सरळ उत्तर दिलं.

तरीही पतींचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही. अल्लाहचं भय हा ईमानचा भाग आहे. कुरआनात जहन्नम आहे आणि ती कायमची मुलांपासून लपवून ठेवायची नाही. तुमची मुलगी मोठी होईल, आपल्या कृत्यांचा जाब तिला द्यावा लागेल, हे तिनं जाणलंच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. कुरआनातल्या ११४ सूरहपैकी ११३ची सुरुवात बिस्मिल्लाहनं होते, म्हणजे रहमान आणि रहीम, दयाळू आणि कृपाळू, या नावांनी. मुलाला अल्लाहची ओळख त्याच दारातून व्हावी. ज्याच्यावर जीव आहे त्याला नाराज करायची भीती वाटते, आणि ती भीती माणसाला जवळ ठेवते. ज्याची ओळखच शिक्षा करणारा म्हणून झाली त्याच्यापासून माणूस पळतो. आधी जीव लावू द्या. दुसरं समजायला वय लागतं, आणि ते वय येणारच आहे.

यापुढचं मी तुमच्याबरोबर सगळ्याच आईबापांसाठी लिहिते आहे, कारण वर्गातल्या मुलींनी जे सांगितलं ते त्यांनीही कुठल्या तरी घरातच ऐकलेलं असणार.

दोन दिवस फक्त एवढं करा. घरात अल्लाहचं नाव मुलांसमोर कधी निघतं ते ऐका. दूध संपवलं नाही तर अल्लाह नाराज होईल. झोपला नाहीस तर अल्लाह बघतोय. आजीला उलट बोललीस, अल्लाह जीभ कापेल. नीट ऐकलंत तर लक्षात येईल की यातलं बहुतेक बोलणं दीनचं नसतंच, ते आपल्या सोयीचं असतं. आपण दमलेले असतो, मूल ऐकत नसतं, आणि आपला आवाज पुरत नाही तेव्हा आपण अल्लाहचं नाव पुढे करतो. दूध न पिणं हा कुठला गुनाह आहे? जे अल्लाहनं सांगितलंच नाही ते त्याच्या नावावर खपवू नये, ही तर मोठ्यांसाठीही गंभीर गोष्ट आहे. दूध का प्यायचं ते दुधाचं कारण सांगा. झोपायचं कारण झोपेचं सांगा. "कारण अम्मी दमली आहे" हेही प्रामाणिक कारण आहे आणि मुलांना ते समजतं.

मग रिकाम्या झालेल्या त्या जागी अल्लाहचं नाव परत आणा, पण चांगल्या क्षणी. ताप उतरला, अलहम्दुलिल्लाह. हरवलेली चप्पल सापडली, अलहम्दुलिल्लाह. भावानं न मागता खाऊतला वाटा दिला: "अल्लाहला हे किती आवडलं असेल!" रात्री झोपताना अरबी दुआ झाली की तिला तिच्या भाषेत अल्लाहशी बोलू द्या. ती काहीही मागेल, पंख मागेल, मांजर मागेल. हसू नका, दुरुस्त करू नका. मागायची सवय लागते आहे.

बक्षिसाचंही थोडं असंच आहे. प्रत्येक सूरहमागे चॉकलेट लावलं की मूल चॉकलेटसाठी पढतं. कधीतरी खुशीनं काही दिलं तर हरकत नाही, पण सौदा करू नका.

नमाजचं बघू. घरोघरी सांगितली जाते ती हदीस अबू दाऊदमध्ये आहे: मुलं सात वर्षांची झाली की त्यांना नमाज पढायला सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारा. लोक पहिलं वाक्य घाईनं ओलांडून दुसऱ्यावर येतात. पहिल्या वाक्यात काय आहे ते बघा. सातव्या वर्षी सांगायला सुरुवात करायची, त्याआधी नाही. तुमची मुलगी अजून साडेपाचची आहे. मग सात ते दहा ही तीन वर्षं, रोजच्या पाच नमाजा, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा आईबापांनी प्रेमानं हाक मारायची, बरोबर उभं करायचं, स्वतः पढून दाखवायचं. ज्या घरात हे खरोखर घडलं त्या घरात मारायची वेळ येईल असं मला वाटत नाही. ज्यांनी हे पाच हजार वेळा केलं नाही त्यांनी दुसऱ्या वाक्याचा आधार घ्यावा का, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. उलमांनीही (धर्मपंडितांनी) त्या माराला कडक मर्यादा घातल्या आहेत: चेहऱ्यावर नाही, वळ उठेल असा नाही, रागाच्या भरात तर नाहीच. आणि ज्यांच्या तोंडून हे शब्द आले त्यांच्याबद्दल त्यांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) सांगतात की पैगंबरांनी लढाईखेरीज कधी कोणावर हात उगारला नाही, ना स्त्रीवर, ना नोकरावर. ही हदीस मुस्लिममध्ये आहे. माझं मत विचाराल तर मुलांना मारूच नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१८मध्ये पालकांना हेच सांगितलं: मारल्यानं, तसंच ओरडून आणि लाज काढून मुलांचं वागणं टिकाऊपणे सुधारत नाही, नुकसान मात्र होतं.

तुमच्या मुलाकडे येते. तो पाठीवर चढतो. नसाई या संग्रहात एक हदीस आहे: जमात (सामूहिक नमाज) चालू असताना पैगंबर (स.) सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकून, गेले आणि उठेचनात. मागच्या एकानं काळजीनं डोकं वर करून पाहिलं तर नातू पाठीवर बसलेला. नमाजनंतर लोकांनी विचारलं, वह्य (अल्लाहचा संदेश) उतरत होती का, की काही झालं? ते म्हणाले, तसं काही नाही, माझं लेकरू माझ्यावर बसलं होतं, त्याचं मन भरण्याआधी त्याला घाईनं उतरवणं मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या एका प्रसंगी नात उमामा खांद्यावर होती. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उभं राहताना पुन्हा उचलून घेत. हे बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. आणि मागे एखादं मूल रडलं की त्याच्या आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत.

म्हणजे तुमची नमाज बिघडत नाही आहे, ताई. सजद्यात तो पाठीवर असेल तर तसबीह (अल्लाहची स्तुती) आणखी काही वेळा म्हणा. उठताना एका हातानं त्याला अलगद उतरवा. ओढणी सुटू नये म्हणून घट्ट बसेल असा नमाजचा पोशाख घाला. तो लहान असेपर्यंत फर्ज (अनिवार्य) नमाज छोट्या सूरहनी पढा. तुमच्या जायनमाजशेजारी त्याच्यासाठी एक छोटी अंथरा; तो त्यावर लोळेल, गाडी चालवेल, मध्येच तुमच्यासारखा वाकेल आणि पळून जाईल. पळू द्या. तीन वर्षांच्या मुलासाठी ही नमाजची भरपूर ओळख झाली. तुम्ही सलाम फेरल्या फेरल्या काय करता हे तो सर्वात जास्त लक्षात ठेवणार आहे. रोज नमाज संपली की अम्मी ओरडते, असं त्याच्या डोक्यात बसू नये. सलाम फेरा आणि काही बोलायच्या आधी त्याला मांडीवर ओढा. पहिले काही दिवस राग असतानाही ओढा. हात आधी शिकतील.

इथं एक शंका तुमच्या सासूबाई काढतील, आणि ती रास्त आहे: सगळं चालवून घ्यायचं मग शिस्त कधी? शिस्त आहेच. उमर बिन अबी सलमा हे पैगंबरांच्या घरात वाढलेले. लहानपणी जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. पैगंबर म्हणाले, "बाळ, बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हातानं खा आणि आपल्या पुढ्यातलं खा." तीन छोट्या गोष्टी, त्याही जेवता जेवता. उमर पुढे सांगतात की तेव्हापासून मी असाच जेवत आलो. दुसऱ्या वेळी लहान हसन यांनी सदक्याच्या (दानाच्या) खजुरांतला एक तोंडात टाकला, तर पैगंबरांनी तो तिथल्या तिथं थुंकायला लावला आणि कारण सांगितलं: आपण सदका खात नाही. 'लहान आहे, खाऊ दे' म्हणाले नाहीत. प्रेम करणारा माणूस 'नाही' म्हणतो, तेव्हाच म्हणतो, एका वाक्यात म्हणतो, कारण देतो आणि विषय संपवतो. आपण नेमकं उलटं करतो. पाच वेळा चालवून घेतो आणि सहाव्यांदा फुटतो. मग त्या फुटण्यात मागचा महिनाभराचा हिशेब येतो, आणि पोराला कळतच नाही की आज नेमकं चुकलं काय.

तुमच्या मुलीनं खोटं बोलल्याबद्दलही असंच करा. त्या वयात बहुतेक मुलं कधी ना कधी असं खोटं बोलून पाहतात. खेळणं परत करायला लावा, भावाला सॉरी म्हणू द्या आणि खरं सांगितल्याचं तोंडभरून कौतुक करा. खरं बोलल्यावर शिक्षा होणार असेल तर कुठलंच मूल खरं बोलणार नाही. आणि मोठ्यांनी आपलं बोलणं तपासावं. अब्दुल्लाह बिन आमिर लहान असताना आईनं "इकडे ये, तुला काहीतरी देते" म्हणून बोलावलं. तिथं असलेल्या पैगंबरांनी विचारलं, काय देणार होतीस? खजूर, ती म्हणाली. ते म्हणाले, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलाची लेखणी उचललेली आहे, आपली चालू आहे.

सूरह किती पाठ आहेत हा हिशेब घरात बंद करता आला तर बघा. जाऊबाईंची मुलगी पाठ करते ही आनंदाची गोष्ट आहे, तिचं कौतुक मनापासून करा. पण जुंदुब बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचे बोल इब्ने माजा या हदीससंग्रहात आहेत: आम्ही वयात येऊ घातलेली मुलं पैगंबरांजवळ होतो, आम्ही कुरआन शिकण्याआधी ईमान शिकलो, मग कुरआन शिकलो आणि त्यानं आमचं ईमान वाढलं. ज्या चार सूरह तिला येतात त्या तिच्याबरोबर राहू द्या. झोपताना तुम्ही म्हणा, ती मध्येच सामील होईल. एकेका आयतीत काय सांगितलंय ते एका वाक्यात सांगा. पाहुण्यांसमोर उभं करून म्हणायला लावू नका. अडखळली तर लाज वाटते आणि ती लाज कुरआनला चिकटते.

रमजानमध्येही हेच. रोजा बालिग झाल्यावर फर्ज होतो. हौसेनं दुपारपर्यंत धरला तर धरू द्या, भूक लागली म्हणाली की मुकाट्यानं खायला द्या.

पतींशी बोलताना मुलं समोर नकोत आणि सासूबाईही नकोत. त्यांना हरवायचं नाही, सोबतीला घ्यायचं आहे. मुलांना भीती घालायचं काम बापाकडे आणि माया करायचं आईकडे, अशी वाटणी पुष्कळ घरांत आपोआप होऊन बसते. ती मोडायला त्यांना एकच काम द्या. सूरह लुकमानमध्ये (३१:१३ ते १९) बाप मुलाशी बोलतो आहे. "माझ्या बाळा" म्हणून हाक मारत तो शिर्क करू नकोस (अल्लाहच्या जोडीला कोणाला मानू नकोस) इथपासून नमाज कायम ठेव, संकटात धीर धर, लोकांना पाहून गालफाड फिरवू नकोस, आवाज खाली ठेव इथपर्यंत सांगत जातो. मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात दडली तरी अल्लाह ती पुढे आणेल, हेही त्यात आहे. म्हणजे अल्लाह बघतो हे लुकमानही सांगतात, पण बाळ म्हणून जवळ घेऊन. पतींना म्हणा, आठवड्यातून एकदा रात्री हे तुम्ही सांगा, तुमच्या शब्दांत. लेकीला दीन बापाच्या तोंडून, बापाच्या कुशीत ऐकायला मिळू दे. भीतीचा मुद्दा त्यांच्या मनातून वादानं निघणार नाही, पण याने सैल होईल असं मला वाटतं.

सासूबाईंना गोष्टी सांगायचं काम द्या. हजरत यूसुफ यांनी स्वप्न पाहिल्यावर ते आधी बापाला जाऊन सांगितलं आणि बापानं ते पूर्ण ऐकून घेतलं, इथून सुरुवात करायला सांगा. मुलं आजीचं ऐकतात आणि आजीलाही वळण लावण्यात आपला वाटा असावा असं वाटतं. ते स्वाभाविक आहे.

वर्गाच्या आपांना भेटायला जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. "माझी मुलगी रात्री घाबरते, तिला सध्या जन्नतच्या आणि अल्लाहच्या रहमतच्या गोष्टी जास्त सांगाल का?" एवढं विचारा. बहुतेक शिक्षिका समजून घेतात. त्यांनाही प्रत्येक मुलीच्या मनात काय गेलं हे कळत नसतं. पण तिथं मारलं जात असेल, धमकावलं जात असेल किंवा तुमचं बोलणं उडवून लावलं, तर वर्ग बदला. काही महिने घरी शिकली तरी चालेल.

तुमच्या रागाबद्दल. "मुसलमान म्हणूनही कमी पडते" हे तुम्ही लिहिलंत ते मला मान्य नाही. जी आई ओरडल्यावर रडते तिला आपण कुठं पोहोचायचं आहे ते माहीत आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षं पैगंबरांची सेवा केली. ते सांगतात की त्या काळात पैगंबर मला कधी 'उफ' म्हणाले नाहीत, 'हे का केलंस' म्हणाले नाहीत. हा आदर्श आहे. तो डोळ्यांपुढे ठेवायचा, त्यानं रोज स्वतःला फटके मारायचे नाहीत. राग आला आणि उभ्या असाल तर खाली बसा. ही सूचना हदीसमध्येच आहे. मुलांच्या उंचीवर आलं की आवाज आपोआप उतरतो. ओरडून झालंच तर मुलाजवळ जाऊन सांगा, "अम्मी चुकली, ओरडायला नको होतं." मान कमी होत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा, कितीही संताप आला तरी मुलांना बद्दुआ देऊ नका. 'मर एकदाचा' असं तोंडातून निघून जातं. स्वतःच्या मुलांविरुद्ध दुआ करू नका, ती कबूल होण्याची घडी असू शकते, असं मुस्लिममधल्या हदीसमध्ये बजावलं आहे. त्या जागी दुसरं वाक्य जिभेवर बसवा. "अल्लाह तुला हिदायत देवो" हे रागातही म्हणता येतं.

आणि थोडी झोप घ्या, मदत मागा. दोन लहान मुलं, घर, पाच नमाजा आणि त्यावर तुलना, यात कोणाचाही तोल जाईल.

शेवटी एक काळजीची गोष्ट. मी सांगितलं तसं केल्यावर काही आठवड्यांत मुलीची झोप सुधारायला हवी. ती सुधारली नाही, खाणं कमी झालं, एकटी राहायला घाबरू लागली, 'माझ्याकडून गुनाह झाला का' असं दिवसभर विचारू लागली किंवा हात पुन्हा पुन्हा धुऊ लागली किंवा वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) परत परत करू लागली, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि गरज पडल्यास बालमानसतज्ज्ञांकडे न्या. घरात कोणी म्हणेल की दुआ पुरेशी आहे, ईमान पक्कं असेल तर डॉक्टर कशाला. अल्लाहनं असा कुठलाही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, ही बुखारीतली हदीस त्यांना सांगा. दुआ करत करत घेऊन जा. भेटीची वेळ घेण्याआधी तिच्या रात्रींची साधी नोंद ठेवा: किती वाजता उठली, काय म्हणाली, परत कधी झोपली. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.